फिल्म शिकायला परदेशी, कंपनी ठाण्यात: सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी फिल्म शिकायला ब्रिटनला गेले, परत आले आणि आता ठाण्यात, नौपाड्यात, एक लहान प्रॉडक्शन कंपनी चालवते. डॉक्युमेंटरी, शॉर्ट फिल्म आणि महिन्याचा खर्च निघावा म्हणून कारखान्यांचे, शाळांचे माहितीपट असं आमचं काम. जवळजवळ दर आठवड्याला कुणीतरी भेटायला येतं. कुणाच्या हातात ॲडमिशनचं पत्र असतं, कुणी नुकतंच शिकून परतलेलं असतं. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: "ताई, कॅमेरा कुठला घेऊ?" मी उलट विचारते, "आत्तापर्यंत केलेल्या फिल्मचे कागद कुठे आहेत?"

का विचारते ते सांगते. माझी पदवीची फिल्म १८ मिनिटांची होती. एका चांगल्या फेस्टिव्हलमध्ये ती निवडली गेली आणि त्यांचा मेल आला: फिल्मचे हक्क तुमच्याकडे असल्याचं पत्र पाठवा, कलाकारांची संमतिपत्रं पाठवा. मी प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. विद्यार्थ्यांच्या फिल्मचे हक्क संस्थेकडे राहतील असं त्यात कलम होतं. संस्थेचं परवानगीचं पत्र यायला महिना गेला. शिवाय फिल्ममध्ये काम केलेल्या एका आजींची सही घ्यायची राहून गेली होती. शूटिंगच्या दिवशी मागितली असती तर त्यांनी चहा पिता पिता केली असती, पण एव्हाना त्या घर विकून मुलाकडे राहायला गेल्या होत्या आणि कुणाकडेच पत्ता नव्हता. फिल्म त्या फेस्टिव्हलला लागली नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फिल्मची एक बॉक्स फाइल असते, आणि ती पहिल्या दिवशी उघडते.

१. जाण्याआधी

इथेच एक फिल्म पूर्ण करा. पाच मिनिटांची चालेल, पण आवाजासकट, श्रेयनामावलीसकट पूर्ण. प्रवेश देणाऱ्यांना तुमची नजर बघायची असते आणि तुम्हालाही कळायला हवं की आपल्याला फिल्म करायला आवडतं की फिल्मवर बोलायला. ठाण्यात यासाठी नट शोधत फिरावं लागत नाही. एकांकिका स्पर्धांमध्ये घासूनपुसून तयार झालेली मुलंमुली इथे गल्लोगल्ली आहेत. गडकरी रंगायतनच्या आवारात प्रयोग सुटल्यावर उभं राहून बोला, माणसं मिळतात.

मग देश निवडा. ब्रिटनमध्ये एका वर्षाचे एमएचे कोर्स भरपूर आहेत, पण वर्ष म्हणता म्हणता संपतं. बीकन्सफील्डच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलसारख्या ठिकाणचे कोर्स दोन वर्षांचे असतात आणि माझ्या मते शिकायला तेवढा वेळ लागतोच. प्रागची फामू ही फिल्म संस्था १९४६ पासूनची. तिथे चेक भाषेत शिकलात तर फी नाही, इंग्रजीत शिकलात तर आहे. बर्लिन आणि म्युनिकच्या सरकारी संस्थांसाठी जर्मन चांगलं यावं लागतं. भाषा शिकायला दोन वर्षं देण्याची तयारी असेल तर हा रस्ता पैशाने सर्वांत हलका पडतो. आणि पुण्याची एफटीआयआय आहेच, १९६० पासून. परदेशाची ओढ नक्की कशाची आहे हे एकदा स्वतःला विचारून मगच पुढे जा.

पैशांबद्दल घरात उघड बोला. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते, आणि ठाण्यातल्या मध्यमवर्गीय घरात तारण म्हणजे राहता फ्लॅट. माझ्या आईने बँकेत सही केली तेव्हा तिचा हात थोडा थांबला होता, तो मला अजून दिसतो. कोर्स चालू असताना हप्ता सुरू होत नसला तरी व्याज चालू असतं. जमलं तर तेवढं व्याज दरमहा भरत राहा, शेवटी रक्कम फुगत नाही. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देते, तिथे अर्ज जरूर करा. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ब्रिटनमध्ये कलेतलं काम आणि संशोधन करणाऱ्यांना मदत करतो, पण तो आधी थोडं काम केलेल्यांसाठी आहे.

एक लहान पण पुढे त्रास वाचवणारी गोष्ट: इथून कॅमेरा किंवा लेन्स घेऊन जात असाल तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यावर सीरियल नंबर येतात. परतताना हा माल इथूनच नेला होता हे दाखवायला तोच कागद लागतो.

२. तिथे असताना

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर पदवी आणि त्यापुढच्या कोर्सला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स काम करता येत नाही. आपल्या क्षेत्रात हे फार महत्त्वाचं आहे, कारण फिल्मचं बहुतेक काम फ्रीलान्सच असतं. लग्नाचं शूट करून रोख पैसे घेतले तरी नियम मोडतो. माझ्या ओळखीतल्या एका हुशार मुलाचा पुढचा व्हिसा यातूनच अडचणीत आला. कॅफेत, ग्रंथालयात, दुकानात पगारावर काम करा आणि सेटवर शिकण्यासाठी राबा.

सेटवर काय शिकायचं? सगळ्यांना दिग्दर्शन करायचं असतं, म्हणून त्या रांगेत उभं राहू नका. मी पहिल्या सत्रात बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरला आणि दुसऱ्यात प्रॉडक्शन मॅनेजर झाले. एका वर्षात ११ फिल्मवर काम केलं, त्यातली एकच माझी. आवाज आणि प्रॉडक्शन येणारा माणूस प्रत्येकाला हवा असतो, त्यामुळे आख्ख्या बॅचशी नातं जुळतं. कॉल शीट (उद्या कोणी, कुठे, किती वाजता यायचं त्याचा कागद) वेळेत पाठवणं, ३० माणसांच्या जेवणाचा हिशेब, पावसाचा पर्यायी दिवस, हे तिथे चुकलात तर कुणी ओरडतं आणि विषय संपतो. इथे चुकलात तर खिशातून जातं.

आणि फाइल. पटकथाकाराची सही, कलाकारांची संमती, लोकेशनचं पत्र, संगीताची लेखी परवानगी. संगीताची परवानगी देणारा म्हणतो 'फेस्टिव्हलपुरती चालेल', मग तसंच लिहून घ्या. नंतर ओटीटीला द्यायची झाली तर पुन्हा विचारावं लागेल. संस्थेचं हक्काचं कलम पहिल्याच आठवड्यात वाचा आणि पदवीनंतर फिल्म दाखवण्याचा लेखी परवाना तिथे असतानाच काढून आणा.

३. परतल्यावर पहिलं वर्ष

कंपनी काढू नका. उत्साह असतो, नाव सुचलेलं असतं, लोगो तयार असतो. तरी एक वर्ष थांबा.

मी आल्यावर घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट आहेत तिथे प्रॉडक्शनमध्ये लागले. बारा तासांची शिफ्ट, घरून निघाल्यापासून धरली तर पंधरा. पण इथली पद्धत तिथेच कळली. लाइटमन, स्पॉटदादा, मेकअपदादा यांचे पैसे आणि कन्व्हेयन्स कसे चुकते होतात, जनरेटरवाला कधी बोलवायचा, कॅमेऱ्याबरोबर रेंटलचा अटेंडंट येतो आणि त्याचंही जेवण, भाडं धरावं लागतं. परदेशात शिकलेली पोरं इथे आल्या आल्या सेटवर 'असं नसतं करायचं' म्हणू लागतात आणि माणसं तुटतात. आमचे गणपतकाका नावाचे स्पॉटदादा होते. सकाळी सहाच्या शिफ्टला त्यांचा चहा पावणेसहाला तयार असायचा. पुढे माझ्या पहिल्या फिल्मला त्यांनीच पाच माणसं जमवून दिली, माझ्या ओळखीवर कुणी आलं नसतं.

कॅमेरा विकत घेऊ नका. कॅमेरे भाड्याने मिळतात, दर दोन वर्षांनी बदलतात आणि घेतलेला कॅमेरा तुम्हाला त्याच्याच लायकीची कामं घ्यायला लावतो. पैसे असतील तर चांगला रेकॉर्डर, दोन लेपल माइक, एक बूम आणि भरपूर हार्ड डिस्क घ्या. प्रत्येक फिल्मच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. माझी तिसरी प्रत डोंबिवलीला मावशीच्या कपाटात असते.

४. कंपनी कधी आणि कोणती

माझं मोजमाप साधं आहे. सलग सहा महिने बिलं निघत असतील, किंवा बाहेरचे पैसे घालून फिल्म करायची असेल, तेव्हा नोंदणी करा. तोपर्यंत स्वतःच्या पॅनवर, प्रोप्रायटर म्हणून काम करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद, मात्र लगेच करून टाका. ती ऑनलाइन आणि फुकट आहे. कुणी तिचे पैसे मागितले तर देऊ नका. तिचा उपयोग पुढे सांगते. ठाण्यात ऑफिस घेतलं की गुमास्ता लागतं, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. दोन-तीन माणसांच्या ऑफिसला ऑनलाइन सूचना देऊन काम होतं. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी बंधनकारक.

दोन मित्र मिळून करणार असाल तर एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, विचार आधी करा. उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत तिला ऑडिट लागत नाही. प्रायव्हेट लिमिटेडला पहिल्या वर्षापासून ऑडिट लागतं, मग धंदा शून्य का असेना, आणि वार्षिक फॉर्म उशिरा भरले तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क चढतं. एका मुलीने परतल्या परतल्या कंपनी काढली, काम मिळालं नाही म्हणून फॉर्मकडे बघितलंच नाही. दोन वर्षांनी ती सीएकडे गेली तेव्हा नुसत्या विलंब शुल्काचा आकडा तिच्या शॉर्ट फिल्मच्या बजेटएवढा झाला होता. प्रायव्हेट लिमिटेडचा फायदा गुंतवणूकदार येतो तेव्हा दिसतो, कारण त्याला शेअर देता येतात.

परतलेल्यांनी आणखी एक बघावं. प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात आणि निदान एक जण वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा हवा. एकट्याची कंपनी, म्हणजे ओपीसी, २०२१ पासून परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही काढता येते. माझ्या कंपनीत दोन डायरेक्टर लागतात म्हणूनच आई दुसरी डायरेक्टर आहे. रजिस्टर्ड ऑफिसही घरचाच पत्ता, त्याला लाइट बिल आणि घरमालकाचं संमतिपत्र लागलं. बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही.

भागीदार जवळचा मित्र असला तरी कोण किती पैसे घालणार, कोण पूर्ण वेळ देणार आणि कुणी सोडून गेलं तर चालू फिल्म कुणाची, या तीन गोष्टी लिहून सह्या करा. हे लिहिताना अवघडल्यासारखं होतं. तरी लिहा.

५. घर चालवणारं काम

वागळे इस्टेट, तळोजा, टीटीसी (ठाणे खाडीपलीकडचा औद्योगिक भाग) या पट्ट्यातले कारखाने, घोडबंदरच्या शाळा, हॉस्पिटलं, या सगळ्यांना फिल्म लागतात. हे काम कमी प्रतीचं मानू नका. यंत्रावर २० वर्षं उभ्या असलेल्या माणसाची मुलाखत नीट घेता आली तर डॉक्युमेंटरीची तालीमच होते ती.

कोटेशनमध्ये किती दिवसांचं शूट, किती मिनिटांची फिल्म, किती वेळा बदल करून देणार, हे आकड्यात लिहा. आम्ही दोन फेऱ्या धरतो, तिसऱ्या फेरीपासून वेगळे पैसे. निम्मी रक्कम शूटच्या आधी, उरलेली अंतिम फाइल देण्याच्या वेळी. सुरुवातीला मला असं मागायला संकोच वाटायचा आणि एका मोठ्या ग्राहकाने आमचे पैसे आठ महिने अडकवले. तेव्हा उद्यम कामी आलं. एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. आम्हाला तक्रार करावी लागली नाही. कलमाचा उल्लेख करून एक सभ्य पत्र पाठवलं, दहा दिवसांत पैसे आले. आता प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असतो.

६. ठाण्यात शूट करताना

परवानगी जागेनुसार बदलते. पालिकेची बाग, तलावाचा काठ असेल तर ठाणे महापालिका. रस्ता असेल तर वाहतूक पोलीसही. ठाणे स्टेशनच्या फलाटावर मध्य रेल्वेची परवानगी लागते आणि ती खर्चिक असते, म्हणून नवख्याने स्टेशनची गोष्ट आवाजातून सांगावी. १८५३ साली पहिली गाडी जिथे येऊन थांबली त्या स्टेशनाची उद्घोषणा आणि गर्दीचा गलका पुरेसा बोलतो. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वन विभाग. ड्रोन उडवायचा तर डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा सरकारी ऑनलाइन नकाशा आधी बघा. कोलशेत आणि येऊरला हवाई दलाच्या जागा आहेत, तिथे 'दोनच मिनिटं' म्हणूनसुद्धा ड्रोन वर नेऊ नका.

पण लहान फिल्मचं बहुतेक शूट कुणाच्या तरी घरात होतं आणि तिथे खरा परवाना सोसायटीचा. नौपाड्यातल्या एका जुन्या, तीन मजली इमारतीत आम्हाला दोन दिवस हवे होते. घरमालकीण तयार होत्या. सेक्रेटरी काकांकडे गेले तर ते पंपाच्या खोलीत वॉशर बदलत होते. वर न बघता म्हणाले, "शूटिंग म्हणजे लाइट जाणार ना?"

"नाही काका, आमचा जनरेटर असेल."

"तो उभा कुठे करणार? खाली पटवर्धनांची गाडी असते. आणि आवाज?"

मी तिथेच वही काढली आणि ते बोलत गेले तसं लिहीत गेले. जनरेटर गल्लीच्या तोंडाशी. सकाळी आठ ते साडेनऊ जिन्यात सामान नाही, मुलं शाळेला आणि माणसं ऑफिसला निघतात. दुपारी दोन ते चार पहिल्या मजल्यावरच्या आजींची झोप, तेव्हा फक्त आतल्या खोलीतले सीन. एकूण १६ माणसं, नावांसकट. जिन्याच्या भिंतीचे आधी फोटो, पोपडा उडाला तर रंग आमचा. डिपॉझिट चेकने. हे सगळं एका पानावर टाइप करून दुसऱ्या दिवशी नेलं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, आजींच्या झोपेच्या ओळीखाली रेघ मारली आणि सही केली. शूटच्या दुसऱ्या दिवशी त्याच आजींनी वरून थर्मासभर चहा पाठवला. ते पान आमचा नमुना झालं. आजही प्रत्येक सोसायटीला तेच नेते, वेळा तेवढ्या बदलते.

लहान मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाने दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, तीन तासांवर सलग नाही, आणि त्याच्या मानधनातली निदान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायची. हा नियम शॉर्ट फिल्मवाले सर्रास विसरतात. तो पाळाच, मूल दमतं ते दिसतं आपल्याला. कुत्रं, कोंबडी काहीही दाखवणार असाल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी घ्या.

७. स्वतःची फिल्म

लेखकाचा करार करताना 'सर्व हक्क निर्मात्याला दिले' एवढीच ओळ लिहून भागत नाही. कॉपीराइट कायद्यात हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, कुठे ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी तुमची फिल्म परदेशात विकायची वेळ आली तर हातात काहीच नसतं. कालावधी आणि प्रदेश दोन्ही शब्दांत लिहा. आणि स्वतः लेखक असाल तर हेच कलम निर्मात्याच्या करारात शोधा. लेखक आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनंतर काढून घेता येत नाही, तो काढून मागणाऱ्या करारावर सही करू नका.

थिएटरात किंवा टीव्हीवर दाखवायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. आता यूए गटात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. फीचर करणार असाल तर गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार भरतो (२०२५ पासून नाव वेव्हज फिल्म बाजार). तिथे तयार होत आलेल्या फिल्मसाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब असते आणि सहनिर्माते भेटतात. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड आणि ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड आपल्याकडच्या फिल्मनाही मदत करतात, दुसरा डॉक्युमेंटरीसाठी. फेस्टिव्हलला पाठवताना प्रीमियर कुठे करायचा ते आधी ठरवा. उतावीळपणे यूट्यूबवर टाकलेली फिल्म पुष्कळ मोठे फेस्टिव्हल घेत नाहीत.

आणि इथे परदेशातलं ते वर्ष परत उपयोगी पडतं. भारताचे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, कॅनडा अशा बऱ्याच देशांशी सहनिर्मितीचे करार आहेत. करारात बसणारी फिल्म दोन्ही देशांत देशी मानली जाते आणि दोन्हीकडच्या मदतीला अर्ज करता येतो. ज्या मुलीच्या फिल्मवर मी थंडीत बूम धरून उभी होते ती आज ग्लासगोत निर्माती आहे. माझ्या पुढच्या डॉक्युमेंटरीसाठी, ठाणे खाडीतल्या मासेमारीवरच्या, मी तिलाच मेल केला. लांबलचक काही लिहिलं नाही. एका पानात गोष्ट, एका पानात बजेट, तीन मिनिटांचं फुटेज आणि हक्कांच्या कागदांची यादी जोडली. तिने दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं आणि सुरुवात त्या यादीनेच केली: पाचव्या क्रमांकाच्या मच्छीमाराचं संमतिपत्र मराठीत आहे, त्याचं इंग्रजी भाषांतर कधी मिळेल?